वाढत्या अंगाचं माप

नरहरी बोधनकरांनी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात चौतीस वर्षं काढली, आणि त्या चौतीस वर्षांत एकही नग चुकीच्या वजनानं रायपूर स्टेशनाबाहेर गेला नाही, असं ते स्वतः सांगत. दुसरं कोणी सांगत नसे, कारण दुसऱ्याला बोलायची वेळच ते येऊ देत नसत. आंब्याच्या पेट्या, मोटारसायकली, कोसा रेशमाच्या साड्यांचे गठ्ठे, एकदा तर सात जिवंत बकऱ्या, सगळं त्यांच्या समोर वजन होऊन, नोंद होऊन गेलं. अशा माणसाला रिटायर करून समता कॉलोनीतल्या घरी बसवलं की तो काय करणार? तो गॅसचं सिलिंडर वजन करून घेतो आणि भाजीवालीच्या काट्यापुढे चष्मा लावून उभा राहतो. भाजीवालीनं त्यांच्या गल्लीत यायची वेळ बदलली होती, ती याच कारणानं.

जगातली एकच गोष्ट नरहररावांनी कधी मोजू दिली नव्हती. ती म्हणजे त्यांचं स्वतःचं बीपी. डॉक्टरांनी पट्टा हातात घेतला रे घेतला, की नरहररावांना आपण बाहेर स्कूटर नीट लावली की नाही याची आठवण व्हायची, आणि ते जे बाहेर जायचे ते थेट घरीच यायचे. चेहरा जेवल्यावर लाल होतो, जिना चढताना धाप लागते, हे इंदूताई सांगून थकल्या होत्या. नरहररावांचं म्हणणं एवढंच, की मले काही होऊन नाही राहिलं, मग काहून पाहायचं?

तर अशा या घरातली मुलगी देवश्री. युनिव्हर्सिटीत एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिनं प्रबंधाला विषय घेतला, विद्यार्थ्यांच्या शरीराची मापं आणि त्यांना पुढे होऊ शकणारं ब्लडप्रेशर. मूळ इंग्रजी नाव दोन ओळींचं होतं. घरात त्याला 'कंबर-बीपी' म्हणत. चाळीस मुली आणि चाळीस मुलगे, प्रत्येकाची उंची, वजन, कंबर आणि बीपी घ्यायचं, एक फॉर्म भरून घ्यायचा, आणि सगळं लिहून महिनाअखेरच्या गुरुवारी जमा करायचं. गुरुवार चुकला की डिग्री पुढच्या वर्षी. आणि डिग्री पुढच्या वर्षी, तर नवा रायपूरच्या एका आरोग्य प्रकल्पात तिची जी नोकरी जवळजवळ पक्की झाली होती ती दुसऱ्या कोणाची. घरात जो तो हे दिवसातून दोनदा तरी बोलायचा, त्यामुळे विसरायची सोय नव्हती.

मुलींची मापं चार दिवसांत झाली. मुलग्यांनी मात्र घोळ घातला. देवश्री टेप घेऊन समोर आली की पोट्टा श्वास आत ओढायचा, पोट पाठीला नेऊन चिकटवायचा आणि छाती काढून छताकडे पाहत राहायचा. एकाची कंबर सव्वीस इंच भरली. देवश्रीनं 'हो गया' म्हणताच त्यानं श्वास सोडला आणि टेप तिच्या हातातून सुटला. बीपीचंही तेच. ती पट्टा बांधायला वाकली की भल्याभल्यांची नाडी धावत सुटायची. ज्यांचं बीपी वाढलेलं दिसत होतं त्यांना रोग वेगळाच होता, असं इंदूताईंचं मत पडलं, आणि त्या जेवताजेवता ठसका लागेपर्यंत हसल्या.

नरहरराव हसले नाहीत. चुकीच्या मापावर हसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. हात धुऊन येऊन ते म्हणाले, "मी येतो उद्यापासून. पण एक अट आहे. तो पट्टा माझ्या दंडाले लावायचा नाही."

देवश्री ठीक आहे म्हणाली.

बोधनकरांच्या घरात काही ठरलं की शेजारच्या अच्युतरावांना ते भिंतीतून कळतं. ते पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, आणि त्यांचं बीपी नोकरीला लागल्यापासून एकशेवीस-ऐंशीच आहे हे साऱ्या कॉलोनीला पाठ. ते सकाळीच गेटवर आले. मापं पहाटे झोपेत घ्यावी, माणूस झोपेत खोटं बोलत नाही, हा त्यांचा पहिला सल्ला. दुसरा दुधीच्या रसाचा होता, जो ते कुठल्याही विषयावर देतात. मुलीच्या लग्नाचा विषय निघाला असता तरी दिला असता.

नरहररावांच्या डोक्यात मात्र वेगळंच होतं, आणि खरं सांगायचं तर कल्पना मोठी नामी होती. माणूस कोणापुढे पोट आत ओढत नाही? शिंप्यापुढे. ओढून फसवणार कोणाला? पँट शेवटी त्यालाच घालायची असते. ते स्कूटर काढून पंडरीच्या कापडबाजारात गेले. कपड्याच्या मोठ्या दुकानांच्या मागच्या गल्लीत शंकर शिंप्याचं दुकान आहे. शंकर मूळ गोंदियाकडचा, पंचवीस वर्षं बोधनकरांचे आणि निम्म्या समता कॉलोनीचे कपडे शिवतो. युनिव्हर्सिटीत जाऊन मापं घ्यायची म्हटल्यावर त्यानं दुकान भाच्यावर सोपवून नवा शर्ट घातला.

आता युनिव्हर्सिटीत शिंपी न्यायचा म्हणजे परवानगी आली. नरहररावांनी रेल्वेच्या वळणाचा अर्ज केला, 'विद्यार्थ्यांच्या कमरेचे माप घेणेकरिता एक शिंपी आत आणणेबाबत'. खिडकीवरच्या बाबूनं तो वाचून त्यांना खरेदी विभागात पाठवलं, कारण शिंपी म्हटलं की गणवेश आला. खरेदी विभागानं तीन शिंप्यांची दरपत्रकं मागितली. गणवेश नाही, फक्त माप, हे सांगितल्यावर तिथला साहेब बराच वेळ विचार करून म्हणाला, नुसतं माप घ्यायचा आमच्याकडे नियमच नाही, म्हणून मना करायचाही नाही, जाइए. दुसऱ्या दिवशी वजनकाटा अडला. सकाळी आत आणताना गेटपास केला होता, पण बाहेर नेताना गार्ड म्हणाला, पासवर फक्त 'आत' लिहिलंय. काटा दोन दिवस गार्डच्या खोलीत राहिला. सिक्युरिटीच्या सगळ्या लोकांना तेवढ्यात आपापली वजनं पाठ झाली, आणि त्यातल्या दोघांनी नरहररावांना चहा सोडावा का ते विचारलं.

पण काम सुरू झालं ते झकास. देवश्रीनं शंकरला जागा दाखवून दिली. पँटीची कंबर नाही, शेवटची बरगडी आणि खुब्याचं हाड यांच्या मधली खरी कंबर. नमुन्यासाठी पहिलं माप नरहररावांचं झालं आणि शंकरनं आवाज दिला, "एकेचाळीस." पोरं गालात हसली. नरहररावांनी आज नाश्ता जास्त झाल्याचं सर्वांना सांगितलं आणि खुर्ची ओढून बसले. मग त्यांनी पार्सल ऑफिसची पद्धत लावली. वजन करणारा पुकारतो, बाबू लिहितो, आणि बाबू काट्याकडे पाहत नाही, कारण दोघंही पाहायला लागले तर पार्सलं जायची कधी? शंकर पुकारायचा, नरहरराव मान खाली घालून लिहायचे. बीपी देवश्रीच घ्यायची, पण बाप समोर बसलेला पाहून पोरांची नाडीही धावेना. चाळीस पोरं तीन दिवसांत झाली, आणि एकानंही पोट आत घेतलं नाही. घरी येऊन नरहररावांनी ते कागद देवघराजवळच्या टेबलावर ठेवले, नैवेद्यासारखे.

शुक्रवारी देवश्री विभागातून आली ती चप्पल पायात तशीच ठेवून सोफ्यावर बसली. तिच्या गाईड पद्मजा मॅडमनी आकडे पाहिले होते. मुलींचे चोख. मुलांचे पाहून त्यांनी आधी चष्मा पुसला. पन्नास किलो वजनाच्या पोराची कंबर चौतीस? बांबूसारखी उभी पोरं, आणि अर्ध्याअधिकांच्या कंबरा धोक्याच्या रेषेपार? बरं, त्यातल्या बहुतेकांचं बीपी पाहावं तर ठणठणीत. मॅडम म्हणाल्या, एक तर जगातलं सगळं शास्त्र चुकलं, नाहीतर तुझा टेप. सोमवारपर्यंत नवी मापं आण, नाहीतर पुढच्या वर्षी बघू.

देवश्री हे सांगताना रडली नाही. रडली असती तर बरं, असं नरहररावांना वाटलं. वर त्यांच्या नोंदीत चूक! चौतीस वर्षांत कोणी असं म्हणायची हिंमत केली नव्हती. शनिवारी सकाळी ते घरातला लोखंडी टेप खिशात घालून पंडरीला गेले आणि दुकानात पाऊल ठेवताच शंकरचा टेप मागून घेतला. दोन्ही टेप शेजारीशेजारी काउंटरवर पसरले. इंचाला इंच, रेघेला रेघ बरोबर. आता कोणाला धरायचं? ते स्टुलावर बसून राहिले. शंकरनं पाणी दिलं तेही त्यांनी घेतलं नाही.

तेवढ्यात एक बाई कॉलेजातल्या मुलाला घेऊन पँटीचं माप द्यायला आल्या. शंकरनं टेप लावला. नरहरराव अगदी बाजूला बसलेले, चष्मा डोळ्यांवर, आणि लिहायला काही नाही म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माप चालू असताना टेपवरचा आकडा पाहिला. तीस. शंकर भाच्याला ओरडून म्हणाला, "बत्तीस लिही."

"शंकर," नरहरराव उठून उभे राहिले, "तीस आहे न बाप्पा."

"हव काका, तीसच आहे," शंकर शांतपणे म्हणाला. "पण पोट्टा वाढत्या अंगाचा आहे न."

नरहररावांनी विचारलं, की युनिव्हर्सिटीत पण? शंकरला प्रश्नाचंच नवल वाटलं. ती काय म्हातारी होती सगळी? कॉलेज संपेपर्यंत माप वाढवूनच धरायचं, ही त्याची रीत होती. इतकी अंगात मुरलेली की टेप तीस म्हणाला तरी तोंडातून बत्तीसच यायचं. आणि ही रीत तुले शिकवली कोणी, असं नरहररावांनी जरा आवाज चढवून विचारलं, ते विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

"तुम्हीच न, काका," शंकर म्हणाला. "वरदभैया चौथीत होता तेव्हा. त्याची शाळेची पँट सहा महिन्यांत घट्ट झाली, तर याच स्टुलावर बसून तुम्ही मले झापलं होतं. म्हणे वाढत्या अंगाचं माप कसं घेतात तेवढं बी तुले कळत नाही का. मग मी ध्यानातच ठेवलं."

नरहररावांना सगळं आठवलं. पँटीचा रंगही आठवला. मुंबईला नोकरी करणारा त्यांचा मुलगा वरद आज घरी आला तर ती पँट त्याच्या मांडीला होणार नाही, पण तिच्यातले दोन इंच चाळीस पोरांच्या कमरेत शिरून बसले होते. त्यांनी घाईघाईनं विचारलं, की सगळ्यांत दोन-दोनच टाकले न? मग दोन वजा करून टाकू. तर तसंही नव्हतं. शंकर कारागीर माणूस, अंग पाहून टाकायचा. हडकुळ्याला तीन, कारण त्याला वाढायला वाव. होस्टेलच्या पोराला दीड, कारण मेसच्या जेवणावर वाढून वाढणार किती? एका पोराचं लग्न ठरल्याचं कळलं होतं, त्याच्यात चार टाकले होते.

परत येताना स्कूटरवर नरहररावांना भारी लाज वाटत होती. मात्र अग्रसेन चौकाच्या सिग्नलला एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली आणि त्यांना थोडं बरं वाटलं. आपले एकेचाळीस होते, त्यातही दोन टाकलेलेच असणार. म्हणजे एकोणचाळीस! ही गोष्ट त्यांनी मनात जपून ठेवली, कारण त्या दिवशी घरी न्यायला चांगलं असं दुसरं काही नव्हतं.

घरी त्यांनी काही लपवलं नाही. देवश्रीनं सगळं ऐकून घेतलं, "कोई बात नहीं, बाबा" एवढंच म्हणाली आणि आत जाऊन कोरे फॉर्म मोजायला लागली. ते त्यांना फार लागलं. सुट्टी लागली होती, पोरं घराघरांना निघाली होती, तिसऱ्यांदा कंबर मोजून घ्यायला येणार कोण? यावर उपाय काढला इंदूताईंनी. पोट्टे मापाले नाही येणार, म्हणाल्या, खायला तर येतील? उद्या सकाळी सगळ्यांना घरी बोलाव. आधी माप, मग सांबारवडी. देवश्रीला तेवढ्यातही पेच पडला, की बीपीच्या अभ्यासात तळलेलं कसं द्यायचं. मोजून झाल्यावर त्या पोटांशी शास्त्राचा काय संबंध, असं म्हणून इंदूताईंनी शेजारणीला पाच जुड्या सांबार निवडायला बसवलं. सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, हे नागपूरच्या पलीकडच्या लोकांसाठी सांगून ठेवतो.

रविवारी सकाळी नरहरराव अंगणात टेबल मांडून फॉर्म लावत होते. गठ्ठ्याच्या तळाशी एक भरलेला फॉर्म निघाला, वर 'नमुना' लिहिलेलं. देवश्रीनं सुरुवातीला स्वतःचाच भरून पाहिला होता. ते सवयीनं ओळीओळीनं तपासत खाली आले. अकरावा प्रश्न, वडिलांना उच्च रक्तदाब आहे का? होय, नाही, माहीत नाही. देवश्रीनं तिसऱ्या चौकटीत खूण केली होती आणि बाजूला पेन्सिलनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'मोजू देत नाहीत'.

चौतीस वर्षांत त्यांनी 'माहीत नाही' लिहिलेला एकही नग पुढे जाऊ दिला नव्हता. आणि हा त्यांच्याच घरचा. त्यांनी फॉर्मची घडी करून खिशात ठेवली आणि कितीतरी वेळ उगाच टेबल पुसत राहिले.

नऊ वाजेपर्यंत पोरं आली. चाळीस बोलावली होती, सत्तावन्न आली, कारण सांबारवडीची बातमी होस्टेलात गेली होती. गेटबाहेर रांग दिसली तशी कॉलोनीला वाटलं फुकट तपासणी शिबिर आहे. अच्युतराव मेहुण्याला आणि आपली खुर्ची घेऊन आले आणि रांग कशी असावी ते सांगू लागले. शंकरही आला होता, पण अपराध्यासारखा गेटपाशीच उभा. आता टेप नरहररावांच्या हातात होता, आणि इथे गाडी अडली. पोरं कंटाळली होती. रांगेत पहिला अभिनव नावाचा उंच, वात्रट पोरगा, तो हात मागे बांधून म्हणाला, "अंकल, तीसरी बार हो रहा है. इस बार पहले आप. कमर भी, बीपी भी."

सगळी रांग हसली. देवश्री चटकन मध्ये पडली आणि बाबांचं राहू दे म्हणायला लागली. नरहररावांनी टेप टेबलावर ठेवला, खुर्चीवर बसले आणि बाही वर केली.

"बाबा, तुमची अट?"

"मीच घातली होती, मीच काढतो. बांध."

पाच मिनिटं गप्प बसवून मग मोजायचं, हा नियम तिनं बापालाही लावला. मशीन घरघरलं. पट्टा आवळला, सैल झाला, आकडे आले. एकशे बासष्ट, अठ्ठ्याण्णव. स्वयंपाकघराच्या दारात इंदूताई झारा हातात धरून उभ्या होत्या. नियमाप्रमाणे देवश्रीनं आणखी दोनदा घेतलं. आकडा दोन-चारनंच हलला. नरहररावांनी खिशातला फॉर्म काढला, तिसऱ्या चौकटीतली खूण रेल्वेच्या पद्धतीनं एका रेघेनं छाटली, बाजूला सही केली, आणि 'होय'वर ठसठशीत खूण केली.

"घे," ते म्हणाले. "आता पूर्ण झाला."

देवश्रीनं फॉर्म घेतला आणि सत्तावन्न पोरांसमोर ती रडली. शुक्रवारपासूनचं सगळं रडली. नरहररावांना असल्या वेळी काय करायचं ते कधीच सुचत नाही, म्हणून त्यांनी तिच्या पाठीवर दोनदा थोपटलं आणि विषय बदलायला मोठ्यानं सांगितलं, "कंबर लिही. एकोणचाळीस."

गेटकडून शंकरचा आवाज आला, "एकेचाळीस, काका."

"अबे, त्यातले तुझे दोन काढ न."

"तुमच्यात टाकलेच नव्हते, काका. तुमचं कुठं वाढतं अंग आहे?"

असं हसू त्या अंगणात पूर्वी कधी पिकलं नव्हतं. देवश्री डोळे पुसता पुसता हसत होती, अभिनव तर खाली बसला, आणि शेवटी नरहररावांनाही हसू आवरेना. त्यानंतर गंमत अशी झाली, की एकाही पोरानं पोट आत घेतलं नाही. अंकलनी भर अंगणात एवढं सगळं उघडं केल्यावर आपण काय लपवायचं? शर्ट वर करून, श्वास सोडून, पोरं आरामात उभी राहिली, नरहररावांनी टेप लावला, स्वतःच्या डोळ्यांनी वाचला आणि देवश्रीनं लिहिला. साडेअकराला चाळीसही झाली. खऱ्या आकड्यांत सहा पोरांच्या कंबरा रेषेपार निघाल्या, आणि त्यातल्या चौघांचं बीपी चढलेलं. त्यांना देवश्रीनं बाजूला घेऊन डॉक्टरांची चिठ्ठी दिली आणि वडी एकेकच दिली. मग ती पट्टा घेऊन अच्युतरावांकडे वळली. अच्युतरावांना नेमकी तेव्हाच आपण घराला कुलूप लावलं की नाही याची आठवण झाली आणि ते मेहुण्याला तिथेच सोडून गेले. खुर्ची संध्याकाळी नेली.

प्रबंध बुधवारीच जमा झाला, एक दिवस आधी. पद्मजा मॅडम म्हणाल्या, आता या कंबरा माणसांच्या वाटतात. जूनमध्ये निकाल लागला आणि देवश्री नवा रायपूरच्या त्या रुंद रस्त्यांवरून ऑफिसला जायला लागली. इकडे नरहररावांना गोळी सुरू झाली, पापड-लोणचं बंद झालं, आणि रोज सकाळी कॉलोनीला चार फेऱ्या लागल्या. फेऱ्यांचा हिशोब ते कॅलेंडरवर लिहून ठेवतात. दर रविवारी बीपी देवश्री घेते, आणि एकदा तिला उशीर झाला तर दंड उघडा करून तेच अर्धा तास बसून राहिले होते.

दिवाळीच्या तोंडावर त्यांची पँट कमरेवर राहीना, म्हणून ते इंदूताईंना घेऊन पंडरीला गेले. शंकरनं टेप लावला आणि खरं तेवढंच पुकारलं, अडतीस. मग नेहमीप्रमाणे म्हणाला, की मागच्या शिलाईतून आत घेतो, जास्तीचं कापड आतच दाबून ठेवतो, उद्या पोट सुटलं तर उसवता येईल.

बोधनकरांच्या घराण्यात आजवर कोणी शिलाईतलं कापड कापलेलं नव्हतं. लग्नातल्या सुटांतसुद्धा चार-चार इंच आत दबलेलं आहे.

"ठेवू नको," नरहरराव म्हणाले. "कापून टाक."

शंकरनं कात्री उचलली आणि एकदा इंदूताईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. कचकच आवाज झाला आणि कापडाच्या दोन पट्ट्या खाली पडल्या. त्या इंदूताईंनी उचलल्या, झटकल्या आणि घडी करून पर्समध्ये ठेवल्या. संध्याकाळी देवश्री घरी आली की तिला दाखवायच्या होत्या.